क्यूटीतील संथ रेषा : शून्य जाडीच्या पेनाची पार्श्वभूमी

क्यूटी या खिडक्या-बटणांचे प्रोग्राम लिहिण्याच्या साधनसंचात लिहिलेला हजारो बिंदूंचा आलेख सुरळीत चालत असतो आणि पेनाची, म्हणजे रेषा कशी काढायची हे ठरवणाऱ्या घटकाची, जाडी १ वरून २ केली की तो अडखळू लागतो, ही प्रोग्रामरांची जुनी तक्रार आहे. दोष बहुधा ग्राफिक्स कार्डाच्या माथी मारला जातो. प्रत्यक्षात हा गुंता 'शून्य जाडी' म्हणजे नेमके काय, या प्रश्नाशी जोडलेला आहे.

केवळ पूर्णांकांच्या बेरीज-वजाबाकीवर चालणारी बारीक रेषेची पद्धत १९६२ मध्ये प्लॉटरसाठी, म्हणजे कागदावर पेनाने रेषा ओढणाऱ्या यंत्रासाठी, तयार झाली. एक्स ११ या विंडो प्रणालीने १९८७ मध्ये वेगाची ही वाट शून्य या आकड्याच्या नावावर राखून ठेवली. जाडी ० असेल तर रेषा एक पिक्सेलची, पण त्यासाठी कोणते पिक्सेल रंगवायचे हे यंत्रावर सोडलेले. जाडी १ असेल तर मात्र ठरलेल्या व्याख्येबरहुकूम काटेकोर आकृती. दिसायला जवळजवळ सारख्या असलेल्या या दोन रेषांचा हिशेब तेव्हापासूनच वेगळा आहे.

क्यूटी ४ मध्ये (२००५) काहीच न सांगता तयार केलेल्या पेनाची जाडी शून्य असे आणि असे पेन 'कॉस्मेटिक' मानले जाई. हा शब्द फसवा आहे. त्याचा सजावटीशी संबंध नाही आणि वेगाशीही थेट नाही. चित्र कितीही मोठे वा लहान केले तरी पेनाची जाडी पिक्सेलांतच मोजली जाते, एवढाच त्याचा अर्थ. पाच पिक्सेलांचे पेनही कॉस्मेटिक करता येते, पण तेवढ्याने ते वेगवान होत नाही. शून्य म्हणजे अदृश्य, असाही अनेकांचा समज असतो. रेषा नकोच असेल तर त्यासाठी स्वतंत्र पर्याय आहे.

डिसेंबर २०१२ मध्ये आलेल्या क्यूटी ५ ने हे मूळ मूल्य ० वरून १ केले आणि नेहमीचे पेन कॉस्मेटिक राहिले नाही. परिणामी, दहापट मोठ्या केलेल्या चित्रातली जी रेषा आधी एक पिक्सेलची होती, ती एकही ओळ न बदलता दहा पिक्सेलांची झाली आणि बारीक रेषेची स्वस्त वाट सोडून जाड रेषेच्या महागड्या वाटेला लागली. बदलामागे कारण होते: उच्च क्षमतेच्या छपाईत एक ठिपका जाडीची रेषा डोळ्याला जेमतेम दिसते. निर्णय तत्त्वतः योग्यच होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. जुन्या प्रोग्रामांसाठी मूळ पेनाला पुन्हा कॉस्मेटिक मानणारी सुसंगततेची खूणही देण्यात आली. मात्र ती मागितल्याशिवाय लागू होत नसे, आणि आपल्याला तिची गरज आहे हे ज्याला कळले, त्याला मूळ दोष आधीच सापडलेला असे.

जाड रेषा महाग का, हे तिच्या घडणीवरून कळते. ती थेट काढली जात नाही; आधी तिच्या दोन्ही कडांची बाह्यरेखा तयार होते, प्रत्येक वळणावर सांधा बसवला जातो आणि मग तो सारा आकार भरला जातो. हजारो बिंदूंची सलग रेषा हा एकच अवाढव्य, स्वतःलाच छेदणारा आकार ठरतो, आणि कडा मृदू करण्याचा पर्याय चालू असेल तर भार आणखी वाढतो. त्यातच क्यूटी ५ मध्ये एक्स सर्व्हरकडून (एक्स ११ मधील पडद्यावर चित्र काढणाऱ्या प्रोग्रामाकडून) थेट रेषा काढून घेण्याची जुनी सोय उरली नाही आणि नेहमीच्या विजेटांचे (खिडकीतील बटणे, चौकटी अशा घटकांचे) सारे काम रास्टर इंजिनामार्फत, म्हणजे पिक्सेल स्वतः रंगवणाऱ्या क्यूटीच्या भागामार्फत, प्रोसेसरवर आले. आलेखांच्या लायब्ररींमध्ये म्हणून लांब रेषेचे लहान तुकडे करून ते वेगवेगळे काढण्याची युक्ती आली. रंग अर्धपारदर्शक असेल तर मात्र तुकड्यांच्या जोडांवर रंग दोनदा चढून गडद ठिपके दिसतात, त्यामुळे ती सर्वत्र चालत नाही.

काम ओपनजीएलकडे, म्हणजे ग्राफिक्स कार्डाकडून चित्र काढून घेण्याच्या प्रमाणित व्यवस्थेकडे, सोपवले की प्रश्न मिटेल, ही आशाही अर्धवटच खरी ठरली. त्याच्या २००८ मधील ३.० आवृत्तीने एक पिक्सेलहून जाड रेषा कालबाह्य ठरवल्या आणि जाडी हवी असल्यास त्रिकोण रचण्याचे काम पुन्हा प्रोग्रामरकडेच आले.