डिबेट कोण जिंकलं, हे ऑनलाइन पोल सांगतो का?

अमेरिकेत अध्यक्षपदाच्या उमेदवारांची टीव्हीवरची डिबेट संपते न संपते तोच फॉरवर्ड फिरू लागतो: "ऑनलाइन पोलमध्ये लाखो मतं पडली, आपलाच जिंकला, आता निवडणूक खिशात!"

आकडा लाखांतला, त्यामुळे विश्वास बसणं साहजिक आहे. पण मत देणारे निवडले कोणी? कोणीच नाही. लिंक ज्याला मिळाली त्याने बटण दाबलं, आणि ती समर्थकांच्या ग्रुपवर 'लगेच व्होट करा' म्हणून आधीच फिरलेली असते. कट्टर समर्थक तर मन ठरवूनच टीव्हीसमोर बसतो. आपल्या माणसाने मध्येच तोंड घातलं तर तो बाणेदारपणा, समोरच्याने घातलं तर उद्धटपणा. (हे काही फक्त अमेरिकेतच घडतं असं नाही.)

रीतसर सर्वेक्षणात माणसं यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या काढल्यासारखी, निवडतात. अशी हजारेक माणसं घेतली, तर नमुन्यामुळे (म्हणजे सगळ्यांऐवजी निवडक माणसांनाच विचारल्यामुळे) होणारी चूक साधारण ३ टक्क्यांच्या आतबाहेर राहते. आपणहून आलेल्या लाखोंबद्दल असा कुठलाच हिशेब मांडता येत नाही.

पडताळायचं असेल तर पोलखाली नमुना कसा निवडला ते लिहिलंय का, बघा. मग त्याच डिबेटचा विरुद्ध बाजूच्या वेबसाइटवरचा पोल उघडा. तिथे बहुधा दुसराच जिंकलेला असतो.