उत्तर कोरिया अपयश लपवतोच? खुलासा

उत्तर कोरियाचं रॉकेट कोसळलं की एक दावा हमखास फिरतो: तिथल्या जनतेला अपयश कधी सांगतच नाहीत, उलट यशाचा जल्लोष करतात. याला आधार आहे, पण तो जुना. १९९८ आणि २००९ साली उपग्रह कक्षेत पोहोचलेच नव्हते. तरी ते वरून नेत्यांची स्तुतिगीतं ऐकवत आहेत, असं सरकारी माध्यमांनी ठासून सांगितलं.

१३ एप्रिल २०१२ ला मात्र वेगळं घडलं. देशाचे संस्थापक किम इल सुंग यांची जन्मशताब्दी दोन दिवसांवर होती, परदेशी पत्रकार मुद्दाम बोलावले होते. सकाळी उडालेलं उन्हा-३ रॉकेट काही मिनिटांतच तुटून समुद्रात पडलं. त्याच दुपारी सरकारी टीव्हीवर निवेदन वाचलं गेलं: उपग्रह ठरलेल्या कक्षेत जाऊ शकला नाही, शास्त्रज्ञ कारण शोधत आहेत. मे २०२३ मधल्या उपग्रह-प्रक्षेपणाचं अपयशही सरकारी वृत्तसंस्थेने काही तासांत मान्य केलं. त्या सकाळी गोंधळ उडाला तो दक्षिण कोरियाच्या राजधानीत, सोलमध्ये. शहर प्रशासनाने नागरिकांना स्थलांतराच्या तयारीचा इशारा पाठवला आणि तो चुकून गेल्याचं थोड्याच वेळात जाहीर झालं.

उत्तर कोरियाच्या राजधानीतल्या, प्योंगयांगच्या लोकांना मनातून काय वाटलं, हे कॅमेऱ्यासमोरच्या उत्तरांवरून ठरवू नये. शेजारी सरकारी माणूस उभा असताना कोण मोकळं बोलेल?