स्वाती घरची की बाहेरची?

मे महिन्यात रात्री नऊच्या सुमारास गच्चीवर जा. उत्तरेला सप्तर्षी दिसतील. त्यांच्या शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की एक ठसठशीत नारिंगी तारा सापडतो. ती स्वाती, आपल्यापासून ३७ प्रकाशवर्षांवर. स्वातीच्या पावसाचा थेंब शिंपल्यात पडला की मोती होतो, असं आपण लहानपणापासून ऐकतो. पण तो पाऊस म्हणजे ऑक्टोबरअखेरचा पाऊस. सूर्य त्या दिशेला दिसतो एवढंच, ताऱ्याचा त्यात काही हात नाही. स्वातीची खरी गोष्ट याहून कितीतरी सुंदर आहे.

आकाशगंगेच्या केंद्राभोवती फिरताना स्वाती सूर्यापेक्षा मागे पडते. तिच्याच चालीचे आणखी तारे आहेत. हे सारे आकाशगंगेने गिळलेल्या एखाद्या लहान दीर्घिकेचे अवशेष असावेत, असं २००४ मध्ये काही शास्त्रज्ञांनी मांडलं. पण चाल नंतरही बदलू शकते. जन्माचा दाखला वर्णपटातच, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश रंगांमध्ये फोडून मिळणाऱ्या पट्ट्यातच मिळतो.

तारा ज्या वायूतून जन्मला त्यातलं लोह आणि मॅग्नेशियम त्याच्या पृष्ठभागावर जवळपास तसंच राहतं. स्वाती आता म्हातारपणी फुगलेली आहे, आतला माल ढवळून वर आल्यामुळे तिच्यातला कार्बन आणि नायट्रोजन बदलला, पण लोह आणि मॅग्नेशियमला धक्का लागला नाही.

आणि ही दोन्ही एका वेळी तयार होत नाहीत! मॅग्नेशियम देतात महाकाय तारे. ते फार तर काही कोटी वर्षं जगतात आणि फुटतात. थोडं लोहही तेच देतात. लोहाचा मोठा साठा मात्र श्वेत बटूंच्या, म्हणजे सूर्यासारखे तारे विझल्यावर उरणाऱ्या गाभ्यांच्या स्फोटांतून येतो आणि ती रसद जोरात सुरू व्हायला साधारण अब्जभर वर्षं लागतात. मोठ्या दीर्घिकेत तारे धडाधड जन्मतात, त्यामुळे ही रसद पोचण्याआधीच वायू बऱ्यापैकी समृद्ध झालेला असतो, मॅग्नेशियमचा वाटा वरचढ ठेवून. लहान दीर्घिकेत सगळं संथ. तिथे लोह थोडंसं वाढतं न वाढतं तोच श्वेत बटू फुटू लागतात आणि लोहाच्या मानाने मॅग्नेशियम घसरतं.

स्वातीत लोह सूर्याच्या सुमारे एक तृतीयांश, पण लोहाच्या मानाने मॅग्नेशियम सूर्याच्या दुपटीच्या आसपास. लहान दीर्घिकेतल्या ताऱ्यात हा मेळ बसत नाही. स्वाती आपल्याच आकाशगंगेच्या जाड तबकडीतली, म्हणजे तिच्या चपट्या चकतीला वेढणाऱ्या जुन्या ताऱ्यांच्या जाडसर थरातली आहे.

बाहेरचे तारेही आहेतच. सुमारे १० अब्ज वर्षांपूर्वी एक दीर्घिका आकाशगंगेत मिसळली, हे २०१८ मध्ये गाया यानाच्या मोजमापांतून उलगडलं. त्या ताऱ्यांच्या वर्णपटात मॅग्नेशियम खरोखरच कमी भरतं.