शेजारी राहूनही यादीबाहेर: जपानमधल्या परदेशी रहिवाशांच्या नोंदणीची पार्श्वभूमी

तोक्योच्या निशी-कासाई भागात एखादं मराठी कुटुंब नव्याने राहायला आलं, की त्या दिवसापासून चौदा दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसची फेरी ठरलेली. विमानतळावर मिळालेलं झाइर्यू कार्ड, म्हणजे रहिवासी ओळखपत्र, काउंटरवर द्यायचं, फॉर्म भरायचा, कार्डाच्या मागच्या बाजूवर पत्ता चढवून घ्यायचा. त्याच फेरीत त्या घराचा जूमिन्ह्यो तयार होतो. जूमिन्ह्यो म्हणजे पत्त्यावरची घरनोंद. आपल्या रेशन कार्डासारखीच तिच्यावर कुटुंबप्रमुखाचं नाव आणि प्रत्येकाचं त्याच्याशी नातं लिहिलेलं असतं. बायको ‘पत्नी’ म्हणून लागायची असेल, तर विवाह नोंदणीचा दाखला आणि त्याचं जपानी भाषांतर लागतं. दाखला गावी राहिला, तर ती बिचारी नुसती ‘नातलग’ म्हणून चढते.

शाळा, बँक, वाहन परवाना, पाळणाघर, सगळीकडे हा जूमिन्ह्यो मागतात, आणि तो काढायला शे-तीनशे येन आणि थोडा वेळ पुरतो. त्यामुळे नव्याने आलेल्याला वाटतं की ही सोय जपानात पहिल्यापासूनच असणार. तसं नाही. 9 जुलै 2012 पर्यंत जूमिन्ह्योवर परदेशी माणसाचं नावच चढत नसे. त्याची नोंद होती, पण वेगळ्या वहीत, आणि ती वही त्याला रहिवासी मानून उघडलेली नव्हती.

या वह्यांचं मूळ देवळात आहे. सतराव्या शतकात तोकुगावा राजवटीने ख्रिस्ती धर्मावर बंदी आणली आणि प्रत्येक घराने कुठल्या तरी बौद्ध मंदिराकडून ‘हे ख्रिस्ती नाहीत’ असा दाखला घ्यावा, असा दंडक घातला. त्यातून गावोगावच्या माणसांच्या याद्या तयार झाल्या. मेइजी सरकारने मंदिरांच्या हातून हे काम काढून घेतलं. 1871 साली कोसेकी, म्हणजे कुटुंबाच्या नोंदवहीचा, कायदा झाला आणि 1872 मध्ये देशभरची पहिली कुटुंबनोंद पूर्ण झाली. करवसुली, शाळा, लष्करभरती, सगळ्याला तीच आधार. त्या पहिल्या नोंदीत घराण्याचा दर्जाही लिहिलेला होता. अस्पृश्य मानलेल्यांना त्याच सुमारास कायद्याने बरोबरीचं केलं गेलं, तरी कित्येक ठिकाणी नोंदीत जुनी खूण राहिलीच. लग्न जुळवताना आणि नोकरी देताना लोक त्या खुणा शोधत. अखेर 1968 मध्ये सरकारला ती जुनी बाडं लोकांसाठी बंद करावी लागली. कुटुंबाच्या नोंदवहीने माणसाचं काय होऊ शकतं, हे जपान्यांनी आधी स्वतःच्याच लोकांवर पाहिलेलं आहे.

कोसेकीत कोण येतो? जो जपानी आहे तो. आणि जपानी कोण? जो कोसेकीत आहे तो. पहिला राष्ट्रीयत्व कायदा 1899 साली आला. तोवर हे वर्तुळ असंच फिरत होतं, आणि त्यात शिरायचं दार एकच होतं, कुटुंबाचं. 1873 च्या एका फर्मानाने जपानी आणि परदेशी माणसांच्या लग्नाला मुभा दिली. परदेशी पुरुष जपानी बायकोच्या घरात घरजावई किंवा दत्तक म्हणून शिरला, तर तो जपानी ठरत असे. लेखक लाफकाडिओ हर्न याच वाटेने 1896 साली पत्नी सेत्सूच्या कोइझुमी घराण्याच्या नोंदीत गेला आणि कोइझुमी याकुमो झाला. आपल्याकडच्या वाचकाला जवळचं उदाहरण रासबिहारी बोस यांचं. 1915 मध्ये ते इंग्रजांच्या हातून निसटून जपानला पोचले, नाकामुराया या दुकानाच्या मालकांनी त्यांना आसरा दिला, 1918 मध्ये त्या घरच्या मुलीशी त्यांचं लग्न झालं आणि 1923 मध्ये त्यांना जपानी नागरिकत्व मिळालं.

हे एकेकट्या माणसांचे किस्से. खरा पेच साम्राज्याने निर्माण केला. 1895 मध्ये तैवान आणि 1910 मध्ये कोरिया जपानच्या ताब्यात गेले. तिथले लोक कायद्याने सम्राटाचे प्रजाजन, म्हणजे जपानीच झाले. पण त्यांची कोसेकी वेगळी ठेवली गेली, आणि आपली नोंद तिकडून मुख्य बेटांच्या वहीत हलवायची परवानगी साधारण कोणाला नव्हती. म्हणजे पासपोर्ट एक, वह्या दोन. तेव्हा ही बाब कारकुनी वाटली असेल. चाळीस वर्षांनी तिनेच सहा लाख माणसांचं भवितव्य ठरवलं.

2 मे 1947 रोजी, नवी राज्यघटना लागू होण्याच्या आदल्या दिवशी, सम्राटाच्या नावाने परकीय नोंदणीचा हुकूम निघाला. जपानमध्ये राहणारे कोरियन आणि तैवानी नोंदणीपुरते ‘तूर्त परदेशी’ समजावेत, असं त्यात होतं. राष्ट्रीयत्व काढलेलं नव्हतं, पण परक्यांच्या यादीत मात्र बसवलं होतं. त्या वर्षी नोंदवलेल्या परदेशी माणसांपैकी दहात नऊहून जास्त कोरियन होते, आणि त्यांतले कित्येक तर जपानातच जन्मलेले. मग 28 एप्रिल 1952 ला सॅन फ्रान्सिस्कोचा शांतता करार अमलात आला आणि कोरियन-तैवानी वहीतल्या सगळ्यांचं जपानी राष्ट्रीयत्व एका परिपत्रकाच्या आधारे गेलं. कोणाला विचारलं नाही, निवड दिली नाही. त्याआधी कोरियन पुरुषाशी लग्न करून त्याच्या वहीत नाव नेलेली जपानी बाईसुद्धा परदेशी झाली. उलट, जपानी घरात सून म्हणून आलेली कोरियन बाई जपानी राहिली. रक्त, जन्म, भाषा काही नाही, फक्त नाव कुठल्या वहीत आहे एवढंच पाहिलं गेलं.

त्याच 28 एप्रिलला परकीय नोंदणी कायदा आला. काम पालिकेच्या काउंटरवर व्हायचं, पण पालिका ते केंद्र सरकारची हस्तक म्हणून करायची. ओळखपत्र सतत अंगावर बाळगायचं आणि पोलिसाने मागितलं की दाखवायचं. 1955 पासून त्यात बोटांच्या ठशांची भर पडली. वयाची चौदा वर्षं पूर्ण झाली की मुलाला वॉर्ड ऑफिसात नेऊन ठसे द्यायला लावायचे, आणि दर काही वर्षांनी ओळखपत्र बदलताना पुन्हा. वर्गातल्या जपानी मुलांना याची गरज नव्हती. ज्यांचे ठसे पोलीस घेतात ते गुन्हेगार, हा अर्थ चौदा वर्षांच्या पोरालाही कळत होता.

भारतीय वाचकाला इथे ट्रान्सवालची आठवण होईल. 1906 साली तिथे आशियाई लोकांना बोटांचे ठसे देऊन नोंदणी करायला लावणारा कायदा येऊ घातला, तेव्हा जोहान्सबर्गच्या सभेत गांधीजींनी तो न पाळण्याची शपथ घ्यायला लावली आणि सत्याग्रह सुरू झाला. दुसरा धागा तोक्योचाच आहे. ठशांवरून माणूस ओळखता येतो असं सांगणारं हेन्री फॉल्ड्स या स्कॉटिश डॉक्टरचं पत्र ‘नेचर’ नियतकालिकात ऑक्टोबर 1880 मध्ये छापून आलं. तो तेव्हा तोक्योत त्सुकिजी इथल्या परदेशी वसाहतीत रुग्णालय चालवत होता. परदेशी माणसाने परदेशी वस्तीत बसून लावलेला शोध पुढे परदेश्यांवरच चालवला गेला.

त्या पत्राला बरोबर शंभर वर्षं झाली त्या साली, 1980 मध्ये, हान जोंग-सोक नावाच्या कोरियन रहिवाशाने शिंजुकूच्या वॉर्ड ऑफिसात ठसा द्यायला नकार दिला. त्याच्यामागून इतर उभे राहिले. खटले झाले, दंड झाले. 1985 हे सामूहिक नूतनीकरणाचं वर्ष होतं, त्या वर्षी हजारो लोकांनी बोट पुढे केलं नाही. कावासाकीचे महापौर इतो साबुरो यांनी नकार देणाऱ्यांविरुद्ध पोलिसांत तक्रार करणार नाही असं जाहीर केलं. काउंटर त्यांचा होता, कायदा केंद्राचा. अशा कोंडीत पालिकेने रहिवाशाची बाजू घेतली, हे मला या सगळ्या इतिहासातलं निर्णायक वळण वाटतं, कारण तिथे पहिल्यांदा एका जपानी सरकारी कार्यालयाने ‘हा आमच्या गावचा माणूस आहे’ असं उघड म्हटलं.

किंमत मोठी होती. पियानोवादक चोई सन-ए यांनी ठसा नाकारला होता म्हणून त्यांना परत येण्याचा परवाना मिळाला नाही. 1986 मध्ये त्या शिकायला अमेरिकेला गेल्या आणि जन्मभूमीतला कायम रहिवासाचा हक्क गमावून बसल्या. तो पूर्ववत व्हायला 2000 साल उजाडलं. दरम्यान 1991 मध्ये दक्षिण कोरियाशी झालेल्या समझोत्यानंतर 1993 पासून कायम रहिवाशांचे ठसे बंद झाले आणि एप्रिल 2000 मध्ये नोंदणीतले ठसे सगळ्यांसाठीच गेले. नोव्हेंबर 2007 पासून ते विमानतळावर परत आले. जुन्या वसाहतींतून आलेल्यांच्या वंशजांना, म्हणजे ‘विशेष कायम रहिवाशांना’, त्यातून सूट आहे. तुम्हा-आम्हाला नाही.

आता जूमिन्ह्योकडे. कोसेकीचा पत्ता आणि माणूस खरोखर राहतो ती जागा, यांची फारकत फार लवकर झाली होती. आज तर कोसेकीचा पत्ता जपानात कुठलाही ठेवता येतो. हौसेने तोक्योच्या राजवाड्याचा पत्ता लावणारेही आहेत. म्हणून प्रत्यक्ष राहण्याची वेगळी नोंद हवी होती. ती 1951 च्या कायद्याने आली आणि 1967 च्या रहिवासी नोंदणी कायद्याने आजच्या रूपात पक्की झाली. पण त्यातही एक कलम होतं: ज्यांना जपानी राष्ट्रीयत्व नाही त्यांना हा कायदा लागू नाही.

याचा घरोघरी काय परिणाम झाला? जपानी बाई, परदेशी नवरा, दोन मुलं असं कुटुंब असेल, तर जूमिन्ह्योवर ती बाई कुटुंबप्रमुख आणि खाली दोन मुलं. नवरा नाहीच. शाळेत कागद दिला की शिक्षकांना वाटायचं आई एकटी आहे. फार मागे लागलं तर शेऱ्याच्या रकान्यात त्याचा उल्लेख करून मिळे.

या विसंगतीवर सगळ्यांत चांगली टीका एका सीलमुळे झाली. 2002 च्या ऑगस्टमध्ये तामा नदीत एक दाढीवाला सील दिसू लागला आणि ‘तामा-चान’ म्हणून देशभर लाडका झाला. फेब्रुवारी 2003 मध्ये योकोहामाच्या निशी वॉर्डाने कौतुकाने त्याच्या नावे मानाचा जूमिन्ह्यो काढला. तेव्हा तिथल्या काही परदेशी रहिवाशांनी गालांवर मिशा रंगवून निदर्शन केलं: आम्ही कर भरतो, सील भरत नाही, मग आम्हालाही एक द्या.

कायदा बदलला तो मिशांमुळे नाही, हेही सांगितलं पाहिजे. ब्राझीलहून आलेले कामगार सारखे गावं बदलत होते, नोंदी जुळत नव्हत्या, आरोग्य विम्याचे हप्ते आणि मुलांच्या शाळा यांचा हिशेब पालिकांना लागत नव्हता. दुसरीकडे न्याय मंत्रालयाला परदेश्यांवरची देखरेख पालिकांकडून काढून स्वतःच्या हातात हवी होती. दोघांची गरज 2009 च्या दुरुस्तीत एकत्र आली आणि 9 जुलै 2012 ला परकीय नोंदणी कायदा रद्द झाला. ओळखपत्राचं काम इमिग्रेशनकडे गेलं, घरनोंद पालिकेकडे राहिली, आणि परदेशी माणूस आपल्या कुटुंबासह एकाच जूमिन्ह्योवर आला. कार्ड मात्र अजूनही अंगावर बाळगावं लागतं. सोळा वर्षांखालच्यांना तेवढी सूट आहे. नाही बाळगलं तर दोन लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो.

या बदलात ज्यांचं नुकसान झालं, त्यांचं नाव फारसं कोणी घेत नाही. जुन्या पद्धतीत व्हिसा संपलेल्या माणसालाही पालिका नोंदवत असे. ओळखपत्रावर ‘रहिवासाचा दर्जा नाही’ असं चक्क छापलेलं असे, पण कागद तरी होता, आणि त्या कागदावर मुलं शाळेत जात. नव्या पद्धतीत वैध दर्जा नसेल तर जूमिन्ह्यो नाही. देखरेखीसाठी बनवलेली जुनी वही अशांना दिसू देत होती, रहिवाशांसाठी उघडलेल्या नव्या वहीतून ते पुसले गेले. शिवाय 2012 पूर्वीची मूळ नोंदपत्रं पालिकांतून काढून सरकारने एकत्र ठेवली. वारसाहक्कासाठी जुना पत्ता सिद्ध करायचा, तर म्हाताऱ्या कोरियन माणसाला आता गावच्या काउंटरऐवजी तिकडे अर्ज करावा लागतो.

बाकीचं अलीकडचं आहे. ऑक्टोबर 2015 पासून जूमिन्ह्यो असलेल्या प्रत्येकाला, परदेशी असला तरी, बारा आकडी ‘माय नंबर’ मिळाला आणि 2016 पासून त्याचं कार्ड. व्हिसाची मुदत वाढली की या कार्डाचीही वाढवून घ्यावी लागते. ते विसरून बसलेले लोक आपल्या ओळखीत एक तरी असतात. नावांची गंमत वेगळीच. झाइर्यू कार्डावर पासपोर्टप्रमाणे आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, सगळं रोमन लिपीत. महाराष्ट्रातल्या शाळेच्या हजेरीपटाला हा क्रम अगदी ओळखीचा. पण दोन शब्दांच्या नावांसाठी आखलेल्या जपानी फॉर्मच्या चौकटींत तो मावत नाही, आणि बँकेत नाव एका तऱ्हेने, विम्यात दुसऱ्या तऱ्हेने लागलं, की पुढे कुठला पैसा कुठे अडकेल सांगता येत नाही. पहिल्याच दिवशी काताकाना लिपीतलं एक रूप ठरवून सगळीकडे तेच लिहावं, हा जुन्या मंडळींचा सल्ला बरोबर आहे.

कोसेकी मात्र जिथे होती तिथेच आहे. जपानी जोडीदाराच्या कोसेकीत परदेशी नवऱ्याचा किंवा बायकोचा उल्लेख लग्नाच्या तपशिलापुरता येतो, सदस्य म्हणून नाही. स्वतःची कोसेकी हवी तर नागरिकत्व घ्यायचं. पुण्याचे योगेंद्र पुराणिक यांनी ते 2012 मध्ये घेतलं आणि 2019 मध्ये ते एदोगावा वॉर्डाच्या सभागृहावर निवडून आले. निशी-कासाई त्याच वॉर्डात येतं. पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, म्हणून भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. बहुतेक मराठी कुटुंबं त्यापेक्षा कायम रहिवासाची वाट धरतात, आणि त्या अर्जाला सगळ्या घराचा जूमिन्ह्यो, कर भरल्याचे दाखले आणि पेन्शन-विम्याच्या हप्त्यांचा हिशेब जोडावा लागतो. जून 2024 मध्ये संसदेने दोन गोष्टी एकदम मंजूर केल्या: झाइर्यू कार्ड आणि माय नंबर कार्ड एकाच कार्डात आणायची सोय, आणि जाणूनबुजून कर किंवा हप्ते थकवणाऱ्याचा कायम रहिवास काढून घेता येईल अशी तरतूद.