खाजरं पान आणि लाऊलाऊची वाफ

अळू निवडायला बसताना हाताला तेल लावायचं, हे आपल्याकडे वेगळं शिकवावं लागत नाही. प्रशांत महासागराच्या मधोमध, हवाई बेटांवर, हेच झाड घरोघरी शिजतं. तिथे त्याला कालो म्हणतात. पॉलिनेशियन लोकांनी होड्यांतून येताना ते सोबत आणलं. त्यांच्या कथेत आकाशपिता वाकेआचं मृत जन्मलेलं बाळ पुरलं, तिथून पहिला कालो उगवला, आणि नंतर जन्मलेला मुलगा माणसांचा पूर्वज झाला. म्हणजे कालो हा माणसाचा थोरला भाऊ. त्याच्या पानाला लूआऊ म्हणतात. हवाईतल्या मेजवानीचं नावही या पानावरूनच पडलं.

या पानांत डुकराचं मांस गुंडाळून वाफवलं की होतं लाऊलाऊ. पूर्वी ते इमूत, म्हणजे तापलेल्या दगडांच्या जमिनीतल्या भट्टीत शिजायचं. घरी मोदकपात्र पुरतं. खांद्याच्या मांसाचे चरबीसकट मोठे तुकडे, जाडं मीठ आणि जमल्यास खारवलेल्या माशाचा एक तुकडा. मसाला नाहीच. देठ आणि जाड शिरा काढलेल्या पाच-सहा पानांत हे गुंडाळायचं आणि वरून टी (चहा नव्हे) नावाच्या झाडाची पानं बांधायची. ती खायची नसतात. आपल्याकडे केळीचं पान चालेल. मग मध्यम आचेवर तीन ते चार तास वाफ. तळाचं पाणी आटू लागलं की उकळतं पाणीच घालायचं, गार घातलं की वाफ मोडते.

इतका वेळ कशासाठी? मी पहिल्यांदा दीड तासातच पुडी सोडली होती. मांस चिवट होतं, आणि दुसऱ्या घासाला घसा खवखवायला लागला. दोन्हींचं कारण एकच, वेळ कमी पडला होता.

अळूच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांच्या जुड्या असतात. पान चिरलं किंवा चावलं की त्या बाहेर पडून त्वचेत, जिभेत, घशात रुततात. पण नुसत्या टोचण्याने एवढी आग होत नाही. सुयांसोबत येणारी प्रथिनं त्या बारीक जखमांतून आत शिरतात आणि खाज भडकवतात, असं बहुतेक अभ्यासकांचं मत आहे. स्वयंपाकाला हे फार उपयोगी आहे. सुया उकळूनही विरघळत नाहीत, त्या शिजलेल्या पानातही असतात. उष्णता मोडते ती प्रथिनांची घडण. म्हणून जाड थराच्या अगदी मधल्या पानापर्यंत उष्णता पोचून तिथे टिकायला हवी. आपण अळूच्या फतफत्यात चिंच घालतो, हवाईत काहीजण पानं शिजवताना चिमूटभर खाण्याचा सोडा घालतात. माझ्या मते खरा भार दोन्हीकडे उष्णतेवरच आहे.

मांसाचं गणित वेगळं. खांद्याचा स्नायू सतत राबणारा, त्यात कोलॅजेन या चिवट प्रथिनाचे धागे भरपूर. साधारण ७० अंशांच्या वर, ओलाव्यात, हे धागे हळूहळू सुटून त्यांचं जिलेटिन होतं. घट्ट बांधलेल्या पुडीत ते वाहून जात नाही. चरबीबरोबर पानांत मुरतं, आणि पानं लोण्यासारखी मऊ होतात. त्यांचा हिरवा रंग मात्र जातो. पानातली आम्लं हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम बाहेर ढकलतात आणि रंग गडद शेवाळी होतो. तो रंग बिघाडाचा नाही, पुरेशी वाफ बसल्याचा आहे.

प्रेशर कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, त्यामुळे सव्वा तासात काम होतं. तरी वाढण्याआधी एका पुडीच्या मधल्या पानाचा नखाएवढा तुकडा चाखायचा आणि दोन मिनिटं थांबायचं. जीभ चुरचुरली तर सगळ्या पुड्या पुन्हा अर्धा तास वाफेवर. नाही चुरचुरली तर दोरा सोडा, वरचं पान बाजूला काढा आणि गरम भाताबरोबर वाढा.