डाळमिलच्या ड्रायरला गॅस बर्नर बसवताय? आधी संमतिपत्राचं बघा

तुरीचा हंगाम आला की हा प्रश्न ठरलेला: लाकूड सोडून गॅसवर आलो, आता प्रदूषण मंडळाचं काय काम? काम आहे. गॅसने धूर जवळपास संपतो हे खरं, पण ज्योत फार तापली की हवेतल्याच नायट्रोजनपासून घातक ऑक्साइडं तयार होतात. आणि बर्नरला हवा पुरवणारा पंखा, म्हणजे ब्लोअर, कोकलतो तो वेगळाच.

नवीन युनिट असेल तर बांधकामाआधी 'स्थापना संमती', मिल सुरू करण्याआधी 'संचालन संमती'. दोन्हींचा आधार १९७४ चा जल कायदा आणि १९८१ चा हवा कायदा. संमती आधीचीच असून फक्त इंधन बदललं असेल, तर ती सुधारून घ्या. मंडळ प्रदूषणानुसार उद्योगांचे रंगांचे गट पाडतं; त्यातल्या पांढऱ्या गटातल्या उद्योगांना संमतीतून सूट आहे; आपला गट मंडळाच्या यादीत तपासा.

अर्ज महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन होतो. विदर्भात प्रादेशिक कार्यालयं नागपूर, अमरावती आणि चंद्रपूरला. सातबारा, अकृषक आदेश किंवा भाडेकरार, उद्यम नोंदणी, प्रक्रियेचा आराखडा, रोजचा गॅस किती, चिमणीची उंची आणि बर्नरचं माहितीपत्रक जोडायचं. शुल्क भांडवली गुंतवणुकीवर ठरतं, म्हणून सीएचं प्रमाणपत्र लागतंच.

खरी गोची नकाशात होते. बहुतेकांचा नकाशा मिलच्या कुंपणापाशी संपतो. ब्लोअर कुठे आणि सगळ्यात जवळचं घर किती मीटरवर, हे त्यावर दाखवाच. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री १० ते सकाळी ६ फक्त ४५. औद्योगिक क्षेत्रात ती ७५ आणि ७०. उन्हाळ्यात लोक अंगणात बाजा टाकून झोपतात. मर्यादेपेक्षा १० डेसिबल आवाज वाढला की त्यांना रीतसर तक्रार करता येते.

ब्लोअर घेतानाच हवा ओढायच्या तोंडाला सायलेन्सर मागा, पायाखाली रबरी पॅड टाका. काहीजण ब्लोअरवर चारी बाजूंनी पत्र्याची पेटी ठोकतात. तसं करू नका. हवा कमी पडली की निळी ज्योत पिवळी होते, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. पेटी करायचीच तर हवेला वाट ठेवून, आतून ध्वनिशोषक अस्तर लावून करा.

मंडळाच्या संमतीत गॅस साठवायची परवानगी येत नाही. सिलिंडरमध्ये एका वेळी १०० किलोपेक्षा जास्त एलपीजी ठेवायचा तर 'पेसो'चा (केंद्राच्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचा) परवाना वेगळा. १९ किलोचे सहा भरलेले सिलिंडर म्हणजे ११४ किलो झाले.