दांड्या चार, तरी व्हिडिओ अडकतो

गिरगावात मावशीच्या खोलीत फोनवर बोलायचं तर गॅलरीत यावं लागतं. स्वयंपाकघर मागच्या बाजूला आहे, त्याची खिडकी घरगल्लीत उघडते आणि समोरच्या इमारतीची भिंत हात लांब केला तर लागेल इतकी जवळ आहे. मागच्या महिन्यात मावशीने तिथूनच हाक मारली, "अगं, तुझ्या फोनला रेंज नसेल तर माझा घे. बघ, चार दांड्या आहेत!" तिच्या पाच वर्षं जुन्या फोनवर खरंच चार होत्या. ओट्याला टेकून उभ्या असलेल्या तिच्या नातवाच्या नव्या फोनवर दोनच होत्या. तरी नातवाच्या फोनवर क्रिकेटच्या मॅचची क्षणचित्रं सलग चालली होती आणि मावशीच्या फोनवर आरतीचा व्हिडिओ नुसता गोल गोल फिरत होता. दोघांची सिम एकाच कंपनीची.

हे कोडं सुटल्याशिवाय मला चैन पडेना.

आधी दांड्यांबद्दल. किती रेंज असली की किती दांड्या दाखवायच्या, याचा जगभर लागू असलेला कुठलाही नियम नाही. प्रत्येक फोन बनवणारी कंपनी आपापला हिशोब ठरवते. एकीच्या चार दांड्या म्हणजे दुसरीच्या दोन असू शकतात. २०१० साली आयफोन ४ बाजारात आला तेव्हा तो ठरावीक तऱ्हेने हातात धरला की दांड्या भराभर उतरायच्या, आणि त्यावरून मोठा गदारोळ झाला. त्याची अँटेना म्हणजे फोनच्या कडेची स्टीलची पट्टीच होती. त्या पट्टीतल्या फटीवर तळहात टेकला की लहरी नीट पकडल्या जात नसत. पण त्या वेळी अॅपलने आणखी एक गोष्ट कबूल केली. दांड्या मोजण्याचं त्यांचं सूत्रच चुकीचं होतं, आणि कित्येकदा फोन प्रत्यक्षापेक्षा दोन दांड्या जास्त दाखवत होता. मला त्या सगळ्या प्रकरणात हीच कबुली सर्वांत मोलाची वाटते.

खरं माप डीबीएम या एककात असतं आणि ते तुमच्या फोनमध्ये आहे. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये फोनबद्दलची माहिती उघडून सिमची स्थिती पाहिली की बहुतेक फोनवर ते दिसतं. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केलं की चाचणीचं पान उघडतं. आकडा उणे असतो. शून्य डीबीएम म्हणजे एक मिलिवॅट, आणि प्रत्येक दहा आकडे खाली गेलं की शक्ती एक दशांश होते. उणे ९० म्हणजे एका वॅटचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक. घरातला एलईडी दिवा नऊ वॅटचा असतो, हे मनात ठेवून या आकड्याकडे बघा. एवढ्याशा शक्तीतून फोन आपल्या माणसाचा आवाज वेगळा काढतो. इतकी वर्षं या विषयात घालवूनही मला याचं अप्रूप कमी झालेलं नाही.

रविवारी दुपारी मी तीन फोन, सिम काढायची पिन आणि वही घेऊन मावशीच्या ओट्यापाशी बसले. सिम एकच, ती तिन्ही फोनमध्ये आळीपाळीने घालायची. फोन हातात धरायचा नाही, लाकडी पाटावर ठेवायचा. दोन मिनिटं थांबायचं, आकडा लिहायचा, फोन वीतभर सरकवायचा, पुन्हा लिहायचा. सरकवायचं कारण असं की घरात लहरी थेट येत नाहीत. त्या भिंतींवर, लोखंडी कपाटावर, समोरच्या इमारतीवर आपटून अनेक वाटांनी येतात आणि काही जागी एकमेकींना खोडून काढतात. १८०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे १७ सेंटिमीटर लांब असते, त्यामुळे जेमतेम आठ सेंटिमीटरवर चांगली जागा संपून वाईट जागा लागू शकते. एकाच जागी एकदा मोजून "हा फोन भारी" म्हणणं म्हणूनच पटत नाही.

पाच-पाच नोंदींची सरासरी निघाली ती अशी: मावशीचा फोन उणे ९८, माझा उणे १०३, नातवाचा उणे १०९. म्हणजे जुना फोन खरंच जिंकला? मग मी लहरींचा पट्टा, म्हणजे फोन किती मेगाहर्ट्झच्या लहरींवर आहे ते, दाखवणारं अॅप उघडलं आणि उत्तर तिथे सापडलं. मावशीचा फोन ८५० मेगाहर्ट्झवर होता, माझा १८०० वर, आणि नातवाचा ५जीच्या ३५०० वर. तिघांची तीन वेगळ्या लहरींशी गाठ होती, तेव्हा फोनांची तुलना झालीच नव्हती.

लहर जितकी लांब तितकी ती भिंतीतून सहज शिरते. ८५० ची लहर ३५ सेंटिमीटरची, ३५०० ची जेमतेम साडेआठ सेंटिमीटरची. चाळीच्या जाड भिंतीतून पहिली बरीच आत येते, दुसरी दमून जाते. पण ८५० च्या पट्ट्यात कंपन्यांच्या वाट्याला रुंदी मोजकीच असते, तर ३५०० च्या आसपास एका वाहिनीची रुंदी १०० मेगाहर्ट्झपर्यंत जाते. मावशीला मी चाळीतल्या नळाचं उदाहरण दिलं: पाण्याला जोर चांगला आहे पण पाइप अर्ध्या इंचाचा, तर बादली भरायला वेळ लागणारच. त्यातून ८५० ची लहर दूरवर पोचते, म्हणजे त्या बारीक पाइपवर बिऱ्हाडंही जास्त असतात. आरती अडकली होती ती यामुळे.

कोणत्या कंपनीकडे कोणते पट्टे आहेत हे परिमंडळागणिक, म्हणजे मोबाइल सेवेसाठी पाडलेल्या विभागागणिक बदलतं, आणि स्पेक्ट्रमच्या, म्हणजे या पट्ट्यांच्या लिलावात मुंबई हे महाराष्ट्रापासून वेगळं परिमंडळ धरलं जातं. साताऱ्याच्या मित्राने वाखाणलेला फोन मुंबईत तसाच वागेल असं म्हणूनच सांगता येत नाही. परदेशातून आणलेल्या फोनमध्ये तर इथला एखादा पट्टाच नसतो. मग तो कितीही महाग असो, त्या पट्ट्यापुरता बहिराच राहतो.

मग मी नातवाचा फोन फक्त ४जीवर आणला. थोड्या वेळाने तो माझ्या फोनसारखाच १८०० वर आला आणि सरासरी निघाली उणे १००. माझा १०३. आकड्यात तीनचा फरक, म्हणजे तीन डीबी, याचा अर्थ शक्ती दुप्पट. हा फरक मात्र फोनचा असू शकतो. त्यानंतर मी माझा फोन नेहमीसारखा मुठीत धरला, तर आकडा उणे ११० वर उतरला! फोन बदलून तीनचा फरक पडला होता, हात लावून सातचा. आपल्या शरीरात भरपूर पाणी आहे आणि ते या लहरी शोषून घेतं. शिवाय बोटं अँटेनावर आली की तिचा सूर बिघडतो. धातूच्या फोनच्या कडेवर प्लॅस्टिकच्या बारीक रेघा दिसतात ना, त्यांनी कडेचे तुकडे पाडलेले असतात आणि त्यातले काही तुकडेच अँटेनाचं काम करतात. धातूचं कव्हर घातलं किंवा मागे लोहचुंबकाची चकती चिकटवली की या रचनेला बाधा येते.

फोनाफोनांत खरा फरक असतोच, तो मी नाकारत नाही. अँटेना दोन की चार, त्या कुठे बसवल्या, मोडेमची, म्हणजे लहरींतून माहिती काढणारी आणि त्यांत भरणारी चिप कोणती, यावर पुष्कळ ठरतं. २०१६ च्या आयफोन ७ मध्ये काहींत क्वालकॉमचा मोडेम होता, काहींत इंटेलचा. दिसायला फोन एकच, पण कमजोर रेंजमध्ये क्वालकॉमवाले सरस ठरल्याचं स्वतंत्र चाचण्यांत दिसलं. असा फरक नेमका मोजायला आतून फेसाळ सुळक्यांनी मढवलेली, एकही लहर परत न फेकणारी खोली लागते. तिथे फोन सगळ्या बाजूंनी फिरवून तो किती क्षीण लहर ऐकू शकतो आणि स्वतः किती जोरात बोलू शकतो, हे दोन्ही तपासतात.

यातलं 'बोलणं' दांड्यांत दिसतच नाही. टॉवर दहा-दहा वॅटच्या हिशोबात बोलतो, फोनची ४जीवरची मजल साधारण ०.२ वॅटची. त्यामुळे टॉवरचा आवाज आपल्याला येतो, दांड्या दिसतात, आणि आपला आवाज मात्र टॉवरपर्यंत पोचत नाही. "मला ऐकू येतंय, तुला येतंय का?" असं आपण ओरडतो ते बऱ्याचदा यामुळे. फोन आपलं सगळं बळ लावून बोलत राहतो म्हणून अशा जागी बॅटरीही लवकर उतरते.

माझा भाऊ लोअर परळला चौतिसाव्या मजल्यावर राहतो. त्याच्याकडे चाळीच्या बरोबर उलट चित्र आहे. आकडा उणे ७८, दांड्या पूर्ण, आणि कॉल तुटतात. टॉवरच्या अँटेना रस्त्यावरच्या आणि खालच्या मजल्यांवरच्या माणसांसाठी थोड्या खाली झुकवलेल्या असतात. इतक्या उंचावर मधे काही आडवं येत नाही, म्हणून वरळीपासून परळपर्यंतचे कितीतरी टॉवर एकदम ऐकू येतात, पण हक्काचा असा एकही नाही. संध्याकाळी दादरच्या पुलावर आवाजाला तोटा नसतो, तरी शेजारच्याचं बोलणं कळत नाही, तसंच हे. तिथे पाहायचा तो लहरीचा जोर आणि गोंगाट यांच्यातला फरक. चाचणीच्या पानावर तो एसआयएनआर नावाने दिसतो. तो शून्याच्या आसपास घुटमळत असेल तर दांड्या मोजून उपयोग नाही.

वायफायचा आकडाही डीबीएममध्येच येतो, आणि इथे भले भले चकतात. वायफाय पूर्ण वाहिनीची शक्ती सांगतं, तर ४जीचा आकडा वाहिनीच्या फक्त एका बारीक धाग्याचा असतो. २० मेगाहर्ट्झच्या ४जी वाहिनीत असे १२०० धागे असतात. सगळे मिळून आकडा सुमारे ३१ ने वर जातो. मोबाइलचा उणे १०० म्हणजे वायफायच्या हिशोबात उणे ७० च्या जवळपास. दोन आकडे शेजारी ठेवून "वायफाय किती जोरदार" म्हणायची घाई करू नये.

दुसरा फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो. लोकलमध्ये चर्चगेटहून बोरिवलीला जाताना कॉल चालू असला की तुम्हाला एका टॉवरवरून दुसऱ्याकडे सोपवायचं काम नेटवर्क करतं, फोन फक्त मोजमाप कळवतो. घरात दोन राउटर असतील तर कोणाला धरायचं हे मात्र फोन स्वतः ठरवतो, आणि इथे फोनांचे स्वभाव दिसतात. आयफोन साधारण उणे ७० च्या खाली गेला की नवा राउटर शोधू लागतो. काही फोन त्याहून चिवट असतात, दिवाणखान्यातल्या राउटरला न्हाणीघरापर्यंत घट्ट धरून बसतात. अशा वेळी दोष फोनच्या अँटेनावर येतो, पण चूक त्याच्या निर्णयाची असते.

पावसात रेंज जाते असं मुंबईत सगळेच म्हणतात. मोबाइलच्या लांब लहरींना पावसाच्या धारा फारशा जाणवत नाहीत. पण कित्येक टॉवर एकमेकांशी मायक्रोवेव्हच्या तबकड्यांनी जोडलेले असतात. त्यांच्या लहरी थेट काही मिलिमीटरपर्यंत आखूड असू शकतात, आणि पावसाचा थेंबही काही मिलिमीटरचाच. जुलैच्या सरीत तो दुवा मंदावतो. तेव्हा दांड्या जागच्या जागी असतात, नेट मात्र थबकतं.

मावशीचा प्रश्न तेवढ्यात सुटला. तिचा राउटर पुढच्या खोलीत आहे आणि ओट्यापाशी वायफायचा आकडा उणे ६२ आला, म्हणजे उत्तम. वायफायवरून साधा कॉल करायची सोय आपल्याकडे डिसेंबर २०१९ पासून सुरू झाली आहे. तिच्या फोनमध्ये ती होती, नुसती बंद होती. मी ती चालू केली. मावशीने पोळपाटाशेजारी फोन उभा करून स्पीकर लावला आणि पुण्याच्या बहिणीला फोन केला. अकरा पोळ्या होईपर्यंत कॉल एकदाही तुटला नाही.